गणपतीच्या तोरणातलं पान

नाशिक रोडच्या आमच्या कॉलनीत माझी ओळख एकच होती: स्वयंपाकघरात सुरवंट पाळणारी बाई. मी शाळेत जीवशास्त्र शिकवते हे कुणाच्या लक्षात राहायचं नाही, सुरवंट मात्र सगळ्यांच्या लक्षात.

त्याला कारण होतं एक फुलपाखरू. ऐंशीचं दशक नुकतं सुरू झालं होतं. त्र्यंबकच्या डोंगरात एका झाडाच्या खोडावर वाळकं पान चिकटलेलं दिसलं. मधली शीरसुद्धा अगदी पानासारखी. मी हात पुढे केला आणि ते पान उडालं, उडताना गडद निळं झालं! इंग्रजी पुस्तकात त्याचं नाव ब्लू ओकलीफ. आपल्या डोंगरात कुठला आलाय ओक? मी त्याला पानपाखरू म्हणायला लागले.

धावतपळत कॉलेजातल्या माझ्या जुन्या सरांना सांगायला गेले. फुलपाखरांच्या बाबतीत त्यांचा शब्द शेवटचा. ते हसले. म्हणाले, "दिसलं असेल. पण ते कोकणातून वाऱ्याने आलेला पाहुणा. इथे त्याचं घर नाही."

मला तो पाहुणा शब्द असा झोंबला म्हणून सांगू! घरी येऊन सगळ्यांना ऐकवलं, वाऱ्याने आलेला पाहुणा म्हणे! पाहुणा कसला? पण सरांना पटवायचं तर एकच मार्ग होता. आपल्या डोंगरातली अळी आणायची, वाढवायची आणि तिचं फुलपाखरू झालेलं त्यांच्या डोळ्यांसमोर धरायचं. या अळीला कारवीचा पाला लागतो. कारवी सात वर्षांनी एकदा फुलते आणि मरते. पुढच्या पावसाळ्यात मी गेले तर आख्ख्या उतारावर कारवीला कळे धरलेले. म्हणजे आता नाही, तर कारवी मेल्यावर पुढे कितीतरी वर्षं अळीला न पुरणारी रोपंच बघत बसायची.

अळ्या सापडल्या. काळ्याशार, केसाळ, अंगभर काटे. दुधाच्या रिकाम्या डब्यांत घालून, वर मलमल बांधून, मी त्या स्वयंपाकघरातल्या फळीवर मांडल्या, कारण घरात तेवढी एकच जागा उंदरांपासून सुरक्षित होती. सासूबाईंनी कपाळाला हात लावला.

"अगं, खाज सुटंल समद्यांना! सैपाकघरात सुरवंट?"

"खाजत नाही हो यांनी. आणि या त्र्यंबकच्याच आहेत."

त्र्यंबकजवळच्या एका पाड्यावर सासूबाईंचं माहेर. त्या जरा थबकल्या. "खात्यात काय?"

"कारवी."

"कारवी?" त्या एकदम हसल्या. "आमच्या घराच्या भिंती कारवीच्या. वरून शेणामातीनं लिपायचं. तुझे किडे माझं माहेर खात्यात म्हन की!"

तेव्हापासून विरोध थोडा मवाळ झाला. पण अळ्या टिकेनात. एसटीतून ओल्या गोणपाटात गुंडाळून आणलेली कारवी दुसऱ्याच दिवशी माना टाकायची, आणि जास्वंद, अडुळसा, काही दिलं तरी या महाराण्या तोंड फिरवायच्या. काही उपाशी गेल्या, काही मुंग्यांनी नेल्या. शेवटी एकच उरली. ती मात्र बोटाएवढी झाली. मग एक दिवस तिने खाणं सोडलं, आणि संध्याकाळी शाळेतून येऊन बघते तर मलमलीच्या कडेतून निसटून गायब.

कोष करायच्या आधी अळी भटकते, हे मला पाठ होतं. पाठ असून काय उपयोग! फळ्या, डबे, रॉकेलचा स्टोव्ह, सगळं उलथं केलं. रडूच फुटलं मला. नवरा म्हणाला, "पुढच्या वर्षी बघू." पुढचं वर्ष नव्हतंच, हे त्याला कोण सांगणार!

दसरा तोंडावर आला. सासूबाईंनी सफाई काढली आणि स्वयंपाकघराच्या दारावरचं गणपतीतलं आंब्याच्या पानांचं तोरण उतरवलं. पार वाळून कुरकुरीत झालं होतं. पण देवाच्या नावाने बांधलेलं तोरण केरात टाकायचं नाही, नदीत सोडायचं, हा त्यांचा नेम. म्हणून त्यांनी ते निर्माल्याच्या टोपलीत ठेवायला उचललं, आणि एवढी मोठी किंकाळी फोडली की शेजारीण धावत आली.

"पान हललं! अगं, वाळकं पान हललं!"

त्या वाळक्या पानांत एक पान उलटं लटकलं होतं, काटेरी, तपकिरी. बोट लागलं की अंग झटकत होतं. माझा कोष! तो केरात गेला असता तर मला पत्तासुद्धा लागला नसता. मी सासूबाईंना तिथेच मिठी मारली. त्यांच्या हातातला झाडू माझ्या पाठीला लागला.

दसऱ्याला आमच्या दारावर झेंडूचं ताजं तोरण लागलं आणि त्याच्या मधोमध जुन्या तोरणाचा एक तुकडा, कोषासकट. येणारा-जाणारा विचारायचा, हे काय? "राहू द्या," सासूबाई दटावायच्या, "त्याला हात नाय लावायचा."

त्याच दिवशी दुपारी कोष उकलला. चुरगळलेलं, ओलं काहीतरी बाहेर आलं नि लोंबकळत राहिलं. मी नवऱ्याला सायकलवर पिटाळलं, सरांना असतील तसे घेऊन ये म्हणून. सर रिक्षाने आले. तोवर आपट्याची पानं द्यायला आलेली सगळी कॉलनी आमच्या दारात उभी होती. पंख मिटलेलेच होते. लोक कुजबुजायला लागले, एवढ्या वाळक्या पानासाठी?

आणि पंख उघडले. निळे, मोरपंखी नव्हे, त्याहून गडद, वर फिकट तिरका पट्टा. जिंकले होते मी!

सरांनी पुढे येऊन पंखांवरचा पट्टा निरखला. मग मला म्हणाले, "अळी कुठली?"

मी तोंड उघडायच्या आत सासूबाई पदर खोचून पुढे झाल्या.

"माझ्या माहेरची. वाऱ्यानं आलेली नाय, तिथंच जन्मलेली हाय."

सरांनी हातातली आपट्याची पानं आधी त्यांना दिली, वाकून नमस्कार केला आणि म्हणाले, "मग आई, पाहुणा मीच."