नाववाल्याची गाठ

बोरगावच्या तलावावर धुणं धुताना मी त्या नाववाल्याला रोज पाहायची. मासे धरून आला की तो छोट्या नावेवर ताडपत्री टाकायचा. ताडपत्रीच्या कड्या कधीच्याच तुटल्या होत्या. म्हणून तो कोपऱ्याखाली गोल गोटा ठेवायचा, वरून गोट्यासकट कापड मुठीत धरायचा आणि गोट्याखाली दोरी आवळायचा.

आमच्याही ताडपत्रीच्या कड्या तुटलेल्या, अंगणात वेचलेला कापूस, आणि आभाळ भरून आलेलं. शेवटी मी धीर करून विचारलं, "भाऊ, हे निसटत नाही का?"

"चार दिस झाले, बाई, तू पाहूनच राहिली," तो हसला. "मले वाटलं, नाव चोरून नेतं का काय." मग त्याने दोरी माझ्या हातात दिली. "बांध. पाहून हात शिकत नाही."

माझी गाठ दोनदा सुटली. तिसऱ्यांदा त्याने जोर लावून ओढली, तरी हलली नाही.

मी धावतच घरी आले. चारही कोपरे बांधून झाले, तोच वारा सुटला आणि मागून पाऊस आला. ताडपत्री फुगली, फडफडली, पण जागची हलली नाही. आमचे हे शेतातून पळत आले आणि कोरडा कापूस पाहून थबकले.

"कोणं बांधलं?"

"म्या," मी म्हणाले, आणि भर पावसात त्यांना एकेक कोपरा दाखवत फिरले. इतकं बोलताना त्यांनी मला कधी ऐकलं नव्हतं.