मायनं पेढी जुंपून पाहिली

आमच्या मायनं अमरावतीची एक नावाजलेली पेढी एका बाजाराच्या दिवशी जवळजवळ बुडवली होती. पेढीचं वाईट व्हावं असं तिच्या मनात काहीच नव्हतं. तिला फक्त आपला पैसा चांगल्या जागी ठेवायचा होता. आता मी म्हातारा झालो, तरी ती गोष्ट आठवली की माझे खांदे दुखतात. (खांदेच का, ते पुढं कळेल.)

दिवस कापसाचे होते. सातासमुद्रापलीकडे कुठंतरी गोऱ्यांची आपसात लढाई जुंपली होती आणि त्यापायी आमच्या दर्यापूरकडच्या कापसाला असा काही भाव आला, की शेजारच्या पाटलानं बैलांच्या शिंगांना चांदीची टोपणं करून घातली! बैलांनी ती पहिल्याच दिवशी झुंजून चेपवली. माय म्हणाली, "आपल्याले असे चाळे नोको. उन्हाळ्यात गंगीचं लगन हाय. पैसा पेढीवर ठेवू."

गंगी म्हणजे माझी धाकटी बहीण. वडील मागेच वारले होते. कारभार मायकडे होता आणि मायच्या मागे मागे फिरणं माझ्याकडे. तो पैसा गेला असता तर गंगीचं ठरलेलं लग्नही गेलं असतं, म्हणून मी म्हटलं, "माय, पेढी निवडायची तर पत पाहा लागते, व्याज पाहा लागते..."

"ते तू पाय. आपल्याशी कोन कसं बोलते, ते मले पाहू दे."

बाळापूरच्या रहीमभाईची बैलांची दमणी भाड्यानं घेतली आणि आम्ही आधी अकोल्याला गेलो. पहिल्या पेढीवरच्या मुनिमानं मान वर न करताच सांगितलं, "उद्या या." दुसऱ्या दिवशी गेलो तर म्हणाला, "परवा या."

"पैसा घ्यायले हा परवा म्हनते," माय बाहेर येऊन म्हणाली, "तं वापस द्यायले काय म्हनन?"

मग मुंबईच्या कुण्या बँकेची नवी कचेरी पाहिली. तिथं भिंतीला एक गजांची खिडकी होती आणि खिडकीमागं एक टोपी होती. टोपी म्हणाली, "साहेब जेवायला गेलेत." आम्ही उन्हात बसलो. सावली भिंतीच्या या बाजूची त्या बाजूला गेली. माझी चक्कर येऊन पडायची वेळ आली तरी साहेबाचा पत्ता नाही.

"काहो," मायनं खिडकीतून विचारलं, "साहेब जेवून राह्यला, का ज्वारी पेरून राह्यला?"

त्यानंतर आम्हाला तिथं कुणी बसू दिलं नाही.

अमरावतीला पोचेपर्यंत माझी हाडं खिळखिळी झाली होती. पण तिथल्या शेठजींनी मायला पाहिलं आणि स्वतः गादीवरून उठले! लोड दिला, गूळ-पाणी दिलं, पान दिलं. वर विचारलं, "आईजी, गुडघे कसे आहेत?" मायच्या गुडघ्यांची चौकशी आजवर आमच्या घरातसुद्धा कुणी केली नव्हती. (माझ्या तर अजूनही कुणी केलेली नाही.) घरी परतून आम्ही पैसे आणले, जमा केले आणि रात्री धर्मशाळेत टेकलो. सुटलो एकदाचे, असं वाटून मी झोपलो.

सकाळी माय म्हणाली, "ऊठ. पैसा वापस आनू."

"काहून? काय झालं?"

"काई नाई झालं. घेताना समदेच गोड बोलतेत. देताना कसा बोलते, ते पाहाचं हाय. बैल घेताना तू औताले जुंपून पायतोस का नाई?"

मी पाहतो. सगळेच पाहतात.

शेठजी देतानाही तितकेच गोड बोलले. पुन्हा गूळ-पाणी, पुन्हा पान. "तुमचाच पैसा, आईजी!" मायचं समाधान झालं, पण अर्धवट. आपल्या गाडीत पडल्याशिवाय पैसा परत मिळाला असं म्हणायचं नाही, हा तिचा हिशेब. म्हणून भर बाजारात, पेढीच्या दारात, मी आणि रहीमभाईनं थैल्या दमणीत चढवल्या. मग माय म्हणाली, "पास झाला मानूस. आता भाकर खाऊ, मंग ठेवून देऊ."

आम्ही लिंबाखाली भाकरी सोडली. तेवढ्यात पानवाल्यानं रहीमभाईला विचारलं, "क्या हुआ मियाँ?"

रहीमभाई सरळ माणूस. तो म्हणाला, "मेरे कू क्या मालूम? बुढ़िया सब निकाल ली!"

माझा कांदा फोडून होईपर्यंत पेढीसमोर दहा-वीस माणसं होती. भाकरी संपेपर्यंत रस्ता बंद! पगड्या, पागोटी, कुणाच्या हातात पावती, कुणाच्या हातात काठी. "पेढी बसली! पेढी बसली!" मी थैली खांद्यावर घेऊन गर्दीत घुसलो, माय माझ्या मागून.

"सरका, मले पैसे भराचे हायेत!"

"हो का? आमाले बी भराचेच हायेत!" एक जण खेकसला. "मांगं उभा राय!"

आत शेठजींची पगडी कानावर आली होती. मायला पाहताच ते ओरडले, "आईजी, वाचवा! तुम्हीच सांगा यांना!"

माय पेढीच्या ओट्यावर चढली. (गुडघे तेवढ्यापुरते बरे होते.) "अरे बापाहो! पेढीले काई नाई झालं! मी नुसती जुंपून पाहून राह्यली होती!"

शेतकऱ्यांची गर्दी; मुद्दा चटकन पटला. इतका पटला, की मागून एक जण म्हणाला, "बराबर हाय! मंग आमीबी जुंपून पायतो!"

आणि रांग दुप्पट झाली.

शेवटी आमच्या थैल्या लोकांच्या डोक्यावरून, माझ्या आरडाओरडीसह, सर्वांसमोर आत गेल्या, तेव्हा कुठं बाजाराचा जीव भांड्यात पडला. त्या दिवसापासून अमरावतीत माझी कीर्ती झाली. मी नुसता दोर विकत घ्यायला आलो तरी लोक दुकानं सोडून पाहायचे: याची गाडी भरून चालली की रिकामी?

उन्हाळा आला. लग्नासाठी पैसे काढायला मी गेलो, तर वेशीवरच शेठजींचा माणूस उभा. त्यानं मला मागच्या गल्लीतून आत नेलं. शेठजींनी स्वतः पंख्यानं वारा घातला.

"पैसा तुमचाच. आत्ता घेऊन जा. फक्त बाजारानं पाहू नये."

"मग नेऊ कसा?"

"पुढच्या दारानं भरलेल्या थैल्या आणा, मागच्या दारानं भरलेल्या थैल्या न्या."

"पुढच्या दारानं आणू त्या कशानं भरू?"

"मुरूम चालेल," शेठजी अत्यंत नम्रपणे म्हणाले.

भर दुपारी, अख्ख्या बाजारादेखत, धापा टाकत मी मुरूम जमा केला. मुनिमानं उठून नमस्कार केला. लोक कौतुकानं पाहत होते. त्या लोकांत गंगीचे होणारे सासरे उभे होते, हे मला लग्नाच्या दिवशी कळलं. ठरलेल्या चार गाड्यांऐवजी त्यांचं अख्खं गाव मांडवात उतरलं! लेकरं, म्हातारे, गुराखी, सगळे.

"व्याही," ते प्रेमानं म्हणाले, "तुमच्या थैल्या म्या ह्या डोयानं पायल्या. येवढ्या मोठ्या घरी सोयरीक झाली, तं कोनाले मांगं ठेवाचं?"

खरं सांगावं तर पेढी बसते, आणि न सांगावं तर मी बसतो. मी बसलो. पंगती उठत गेल्या तसा पेढीवरचा उरलेला पैसाही उठत गेला. गंगी मात्र चांगल्या घरी पडली, सुखात नांदली. ते आठवलं की माझा सगळा शीण उतरतो.

मांडव उतरल्यावर मायनं विचारलं, "पेढीवर काय उरलं?"

"काहीच नाही, माय."

"मंग दुसरी पाहाची का? अकोल्याले एक नवीन निंगाली म्हंते."

मी तिचे पाय धरले.

शेठजींनी मात्र मला सोडलं नाही. बाजारात जरा कुजबुज झाली की त्यांचा निरोप यायचा, "या. तुम्ही दिसला नाहीत की लोक घाबरतात." मग मी मुरूम भरायचा, वाहायचा, जमा करायचा. मला पाहून मुनीम उठून उभा राहायचा, लोड द्यायचा, पान द्यायचा. शेंदूर फासलेले सोडले, तर सबंध वऱ्हाडात एवढा मान दुसऱ्या कुणाच्या दगडांना मिळाला नसेल!