मनकर्णामावशीच्या पामची टाळू

मनकर्णामावशी हळू बोलते असं कुणी सांगितलं, तर तो माणूस नागपूरच्या आमच्या इंदोऱ्यात कधी आलाच नाही असं खुशाल समजा. जन्मभर बाळंतिणींच्या वॉर्डात आया म्हणून राबलेली ही बाई. आत बाळ रडलं की बाहेर ताटकळलेल्या नातेवाइकांना बातमी हीच द्यायची, तीही अशी की रस्त्यावरच्या रिक्षावाल्यालाही कळावी. बातमीचा पहिला पेढा तिचा. माझी लेक दीक्षा झाली तेव्हा "पोरगी झाली, नत्थूभाऊ, पोरगी!" ही आरोळी मी याच कानांनी ऐकली आहे.

ती रिटायर झाली तेव्हा वॉर्डातल्या सिस्टरांनी तिला कुंडीतला पाम दिला. मावशीच्या लेखी ते वॉर्डातलं शेवटचं लेकरू. पण गेल्या उन्हाळ्यात त्याच्या पानांची टोकं करपली, खालची पानं वाळली आणि मधला कोंब होता तिथेच रुसून बसला. पावसाळा गेला, थंडी गेली, तो काही हलेना. येणारा-जाणारा विचारी, "मावशी, प्लास्टिकचा हाय का?" मावशीचा चेहरा उतरे आणि मला त्या लोकांचा असा राग येई!

एप्रिलमध्ये तिचा मुलगा अंकुश कैची घेऊन आला. "आई, हे मधातलं कापून टाकतो. जास्वंदीसारखं बाजूनं फुटन."

मावशी तव्यावरची पोळी सोडून धावली. "थांब गा! टाळू हाय ते त्याची! टाळूले कैची लावून राहिला?"

मी शेजारी, त्यांच्याच ओट्यावर चहा पीत होतो. मला एकदम पटलं. "अंकुश, शिंदीले कधी बाजूनं फुटताना पाह्यलं का गा? शेंडा गेला का खेळ खलास."

अंकुश वैतागला. घर लहान, त्याच्या खोलीचं दार त्या कुंडीला अडायचं. "ठीक हाय. बुद्धपौर्णिमेले पाहुणे येतीन. तोवर हाललं तं ठेवू, नाही तं कचरागाडीत."

मावशीनं अंकुशच्या हातातली कैची काढून घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळीच आरोळी. "नत्थूभाऊ, या गा लवकर! खारट हाय, खारट!"

मी धावत गेलो. उन्हाळ्यासाठी कूलर काढून ती धूत होती. टाकीला पांढरा थर, आणि कुंडीतल्या मातीवरही अगदी तसाच. बाईनं दोन्ही चाटून पाहिले होते!

मग सगळं लख्ख कळलं. कूलरमध्ये भरायचं बोअरचं पाणी. पाणी उडून जातं, खार मागे राहतो. उरलेलं पाणी फेकायचं नागपुरातल्या माणसाच्या जिवावर येतं, म्हणून मावशी गेला अख्खा उन्हाळा ते पामला पाजत होती, आणि आम्ही शहाणे तिच्या काटकसरीचं कौतुक करत होतो. "मीच पाजलं वं माय!" म्हणत तिनं कपाळावर हात मारला आणि लगेच पदर खोचला. "आता आंघोळ घालू याले!"

काय आंघोळ घातली हो! वरचा पांढरा थर खरवडला, कुंडीची बुजलेली भोकं सळईनं मोकळी केली, आणि नळाचं गोडं पाणी ओतत राहिलो. खालून आधी गढूळ आलं, मग नितळ. वाळलेली पानं काढली, कुंडी खिडकीतून येणाऱ्या दुपारच्या उन्हातून सावलीत नेली. कोंबाला हात लावायचा नाही, हे ठरलेलंच. तरी मावशी टाळू भरायला तेलाची वाटी घेऊन आलीच. मी ती हिसकावून घेतली. "कुजन ना ते, मावशी!"

"मंग तीट तरी लावू द्या." तिनं काजळाचं बोट टेकवलं. बोट जाड, त्यामुळे तीट कोंबावर आणि त्याला लागून असलेल्या देठावर, दोन्हीकडे उमटली.

मग मी रोज पेपर मागायचं निमित्त काढून बघून यायचो. कोंब तसाच दिसायचा. मावशीला काही विचारायची माझी हिंमत होईना.

पौर्णिमा उजाडली. मावशीकडे खीर उकळत होती, ती पुऱ्यांची कणीक मळत होती. मी दारात उभा, आणि गल्लीच्या तोंडाशी कचरागाडीचं गाणं वाजू लागलं. अंकुश कुंडी ओढत दारापर्यंत घेऊन आला. मावशी शेवटचं बघायला खाली बसली. बसली ती उठेचना.

"अंकुश, तीट पाह्य!"

देठावरची तीट जागेवर होती. कोंबावरची बोटभर वर सरकली होती.

पुढे काय झालं ते अख्ख्या गल्लीनं ऐकलं. मावशी पीठभरल्या हातांनी रस्त्यावर धावली. "पोरगी झाली, नत्थूभाऊ, पोरगी! सुखरूप हाय!" बायका बाहेर आल्या, गाडीवाला गाणं बंद करून "कोणाले झाली?" विचारू लागला. रिटायर झाल्यापासून ही आरोळी तिच्या गळ्यातून निघाली नव्हती. मला रडू आलं, त्यात लाज कसली! अंकुशनं कुंडी उचलून पुन्हा घरात नेली.

मी पायात चपला सरकवल्या आणि पेढे आणायला निघालो.