कोपऱ्यातला लाल ‘ना’

आमच्या ग्रामीण रुग्णालयात एक निदान असं होतं, की त्याला ना रक्त तपासावं लागे, ना फोटो काढावा लागे. लाल पेनानं केसपेपरच्या कोपऱ्यात ‘ना’ लिहायचं, बस. ना म्हणजे नाटक. आधीच्या सिस्टरांनी मला शिकवलं, मी पुढच्यांना. नाकाशी अमोनियाचा बोळा धरा, छातीच्या हाडावर मूठ घासा, निपचित पडलेल्या बाईचा हात तिच्याच तोंडावर सोडून पाहा. हात तोंड चुकवून पडला की आम्ही जिंकलो! या विद्येत अख्ख्या तालुक्यात माझा हात धरणारं कोणी नाही, असं माझं मत होतं, आणि ते मी कोणापासून लपवून ठेवत नव्हते.

कापसानं जिल्ह्याला रडवलेली ती वर्षं. कोणी औषध प्यायलेलं, कोणाला फवारताना विषबाधा झालेली. एकेका खाटेवर दोघं दोघं. अशात सगळे रिपोर्ट नॉर्मल असलेल्या माणसानं खाट अडवावी, म्हणजे आमच्या लेखी महापाप.

ऐन वेचणीत केळापूरकडच्या एका खेड्यातून एक बाई आली. सकाळी उठली तर उजवा पाय उचलेना. यवतमाळला नेऊन डोक्याचा फोटो काढला, पाठीचा काढला. सगळं ठणठणीत, म्हणून परत आमच्याकडे. सासू म्हणाली, “वेचणी आली का इचा पाय जाते.” झालं! एवढा भक्कम पुरावा हाती आल्यावर मी कशाला मागे राहते? चांगला ठसठशीत ‘ना’ काढला.

नवरा दहावी शिकलेला. कोपऱ्यावर बोट ठेवून त्यानं विचारलं, “सिस्टर, हे ‘ना’ म्हंजे काय?” विद्यादानासारखं पुण्य नाही म्हणून मी सांगून टाकलं. दुसऱ्या दिवशी आला तो ठरवूनच. “सोमवारी सुट्टी द्या. इले ढाणकीले इच्या मायच्या घरी नेऊन टाकतो. तिकडंच करू दे नाटक. मी नाई आनत परत.” बाई भिंतीकडे तोंड करून रडत होती. तिच्या रडण्यालाही मी मनातल्या मनात मार्क देत होते. आज लाज वाटते सांगायला, पण देत होते.

त्याच शनिवारी आमचं प्रशिक्षण निघालं. वरून पत्र होतं, ‘फंक्शनल मेंदूविकार ओळखणे व उपचार’. आमच्या ऑफिसातल्या बाबूसाहेबांनी त्यातलं ‘फंक्शन’ तेवढं वाचलं आणि झपाटून कामाला लागले. मांडव, समई, शाल-श्रीफळ, आलुपोहे, स्वागतगीताला दोन आशाताई. नागपूरहून आलेली तरुण डॉक्टरीण बिचारी शाल पांघरून, मांडीवर नारळ घेऊन वरमायेसारखी बसली. सगळी भाषणं संपल्यावर तिनं हळूच विचारलं, “पेशंट कुठे आहे?” माईक होता, जनरेटर होता, पेशंटचं कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

बाबूसाहेब माझ्या कानाशी लागले, “आणा तुमची एखादी नाटकवाली.” मी तर वाटच पाहत होते. त्या केळापूरकडच्या बाईला खाटेसकट मांडवात आणवलं.

डॉक्टरीणबाईंनी माझा हात तिच्या लुळ्या पायाच्या टाचेखाली ठेवला. तिला म्हणाल्या, “टाच खाली दाबा.” काही नाही, ढिम्म. मग म्हणाल्या, “आता तो पाय सोडा. चांगला पाय वर उचला, मी दाबून धरते, जोर लावा.” तिनं जोर लावला, आणि तीच लुळी टाच माझा तळवा गादीत रुतवून गेली.

“पकडली!” मी भर सभेत ओरडले.

“काय पकडलं, सिस्टर?”

“नाटक!”

“नाटक नव्हे, आजार पकडलात,” त्या शांतपणे म्हणाल्या. “पाय शाबूत आहे. मेंदूचा हुकूम पायापर्यंत पोचत नाही. मुद्दाम हलवायला गेलं की पाय ऐकत नाही, लक्ष दुसरीकडे गेलं की ऐकतो. हे ती करत नाही, तिला होतंय. आणि हे बरं होऊ शकतं.” मग तेच सगळं त्यांनी तिला समजावलं, तिचाच हात तिच्या मांडीवर ठेवून जोर दाखवला.

बाईनं पाय चाचपून पाहिला. “म्हंजे माया पाय मेला नाई?”

“नाही.”

“अन् मी खोटी बी नाई?”

माईक चालू होता. सगळ्या मांडवानं ऐकलं. मागे पोह्यांची प्लेट घेऊन तिचा नवरा उभा होता. त्यानं चमचा माझ्याकडे रोखला, “पन नाटक हाये हे त्या सिस्टरनंच तं सांगतलं.”

धरणीमाय पोटात घे, असं झालं मला.

सोमवारची सुट्टी टळली. डॉक्टरीणबाईंनी शिकवलं तसं मी रोज तिला व्हरांड्यात चालवायची. पायाकडे बघू द्यायचं नाही, बोलत ठेवायचं. अंबाडीची भाजी कशी करतात हे मी तिला पंधरा वेळा तरी विचारलं असेल. मला येत नव्हती थोडीच! पण भाजीच्या नादात पाय चार पावलं जास्त टाकायचा.

नवरा न्यायला आला, पण कुठं नेणार हे बोलेना. पिशवी घेऊन नुसता दारात उभा. ती मात्र पाय थोडा ओढत, कोणाचा हात न धरता माझ्या टेबलापर्यंत आली. “बाई, तुमी लेहलं ते तुमीच खोडा.”

मी ‘ना’ खोडला. वर दोन वाक्यं लिहिली, सही केली.

“आता याईले वाचून दाखवा. तवा सांगतलं होतं तसंच, मोठ्यानं.”

“आजार खरा आहे. नाटक नाही.” वॉर्डभर ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं मी वाचलं.

नवऱ्यानं मान खाली घातली. पिशवी खांद्याला लावून म्हणाला, “चाल, केळापूरची गाडी लागली असन.”

ती हलली नाही. “थांबा. बाई, अजून एक डाव वाचा. सासूसाठी पाठ करू द्या मले.”

मी पुन्हा वाचलं.