गाडीला हवा कमी पडते

मागच्या वर्षी आमच्या घरात गाडीला एअर फिल्टर कोणता घ्यायचा यावर जेवढा काथ्याकूट झाला, तेवढा मुलीचं लग्न ठरवताना झाला नव्हता. मुलीनेच फोनवर मला ऐकवलं, "आई, माझ्या वेळी बाबा एका कपभर चहात हो म्हणाले होते. आता फिल्टरची काय पत्रिका जुळवताय?"

गाडी म्हणजे लांब बॉनेटची, पसरट, जुनी पेट्रोल गाडी. एकेकाळी साखर कारखान्यांचे चेअरमन अशा गाडीतून उतरायचे. हल्लीची पोरं तिला देशी मसल कार म्हणतात आणि सिग्नलला थांबली की तिच्यासोबत फोटो काढतात. आमच्या ह्यांनी ती अंबडच्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात प्रेस शॉपला असताना एका निवृत्त होणाऱ्या साहेबांकडून घेतली. तेव्हापासून तिच्यात बदललं काय, तर हॉर्न, सीट कव्हरं आणि मागचे स्पीकर. बाकी इंजिनपासून सायलेन्सरपर्यंत सगळं कंपनी फिटिंग. आणि अचानक ह्यांनी तक्रार सुरू केली की तिच्यात दम राहिला नाही, तिला हवा कमी पडते.

"पूर्वी कशी गुरगुरायची. आता बघ, मेल्यासारखी चालते," हे म्हणायचे.

आधीच सांगून टाकते, कारण कोडी घालायची मला सवय नाही. गाडीला काहीही झालेलं नव्हतं. ह्यांचे कान जात चालले होते. गाडी पूर्वीइतकीच गुरगुरत होती, ती गुरगुर ह्यांच्यापर्यंत पोचत नव्हती. जन्मभर प्रेस शॉपमध्ये उभं राहिलेल्या माणसाचं हे होणारच होतं. पत्र्यावर दाब पडतो तेव्हा तिथली जमीन हलते, आणि ह्यांच्या तरुणपणी कानात कापसाचे बोळे घालण्यापलीकडे कुणी काही करत नसे. पण हे कबूल करायचं म्हणजे ह्यांच्या दृष्टीने गाडीच सोडायची. कारण हे गाडी कानाने चालवतात. मीटरमधला इंजिनच्या फेऱ्यांचा काटा कधीचाच पडून आहे, तो दुरुस्त करायला ह्यांनी कधी नेला नाही. "इंजिन सांगतं ना, आता गियर बदल. काटा कशाला बघायचा?" ऐकू येत नाही म्हटलं की पुढचं वाक्य ह्यांना माहीत होतं: मग आता स्टिअरिंग मुलाकडे द्या. मुलगा हे वाक्य घेऊन तयारच होता, त्याला ती गाडी विकून दारात जागा करायची होती.

मला कळायला एवढा उशीर का झाला, हे लोक मला अजून विचारतात. त्याचं उत्तर माझा घसा. मी हायस्कुलात विज्ञान शिकवत होते आणि माझा आवाज शेवटच्या बाकाच्याही मागे, व्हरांड्यात जात असे. निवृत्तीनंतरही तो घरात तसाच राहिला. त्यात प्रेस शॉपची माणसं एकमेकांच्या ओठांवरून बोलणं ओळखतात, हे तर त्यात पटाईत. तेव्हा घरात समोरासमोर आमचं सगळं सुरळीत चाललं होतं. मोबाईलचा आवाज तेवढा वाढत गेला. कुणीतरी दाढीवाला अमेरिकन मोठमोठ्या गाड्यांची बॉनेटं उघडून हवेविषयी तावातावाने बोलायचा, ते हे इतक्या मोठ्याने लावायचे की खालच्या मजल्यावरच्या वहिनींनी मला जिन्यात विचारलं, "कोल्ड एअर इनटेक म्हणजे काय हो? रोज ऐकते म्हणून विचारलं."

ह्यांच्यासमोर तीन स्थळं होती. एक, आहे त्याच गोल डब्यात बसणारा, पण धुऊन परत वापरता येणारा कापडी फिल्टर. दुसरं, डब्यापासून पुढच्या जाळीपर्यंत लांब पाइप काढायचा, म्हणजे इंजिनच्या उष्णतेतली हवा न ओढता बाहेरची थंड हवा मिळेल. तिसरं, डबाच काढून टाकायचा आणि कार्बोरेटरवर उघडा, शंकूसारखा फिल्टर बसवायचा. पहिला सौम्य, दुसरा शहाणा आणि तिसरा वाह्यात, असं मी मनात ठरवून टाकलं होतं. ह्यांचं मात्र ठरत नव्हतं. पाइप लांब केला तर पावसाचं पाणी ओढेल का, उघडा बसवला तर कांद्याच्या ट्रॅक्टरांची धूळ जाईल का, कार्बोरेटरचं जेट बदलावं लागेल का, हे जेवताना चाले, टीव्ही बघताना चाले. मी एकदा चिडून म्हटलं, "अहो, एवढी काळजी माझ्या दम्याची कधी केली नाहीत." हे म्हणाले, "तुला कुठे दमा आहे?" ते मात्र नीट ऐकू आलं होतं.

मग आम्ही पेठ तालुक्याच्या बाजूला गेलो. तिकडच्या एका ओळखीच्या घरून आम्ही दरवर्षी नवा तांदूळ आणतो. सावळघाट चढायला लागलो आणि हे दुसऱ्या गियरमध्येच राहिले. इंजिन ओरडायला लागलं. खरंच ओरडत होतं, माझ्या पायाखालचा पत्रा थरथरत होता. कडेने गुरं घेऊन चाललेल्या एका म्हाताऱ्याने गुरं आवरून धरली आणि आमच्याकडे बघत राहिला.

"अहो, गियर बदला!"

"कशाला? ती अजून ओढतच नाहीये. आवाज कुठंय?"

मी ह्यांच्याकडे बघितलं. मान जराशी बॉनेटकडे झुकवून, कपाळाला आठ्या घालून हे ऐकत होते, लहान मूल शंख कानाला लावतं तसे. आणि त्या माणसाला काहीही ऐकू येत नव्हतं. पुढे तांदूळवाल्यांच्या घरी त्या घरची बाई पाठमोरी बसून तांदूळ मापत होती. तिने हळू आवाजात किती हवा ते विचारलं आणि हे हसून म्हणाले, "हो, मजेत आहोत आम्ही." ती गोंधळून वळली. मी पटकन उत्तर दिलं आणि ओसरीवर जाऊन बसले. मला फार वाईट वाटलं. एवढा मोठा माणूस, एकटाच कुठल्यातरी काचेमागे गेला होता आणि काच गाडीची आहे असं समजून ती पुसत बसला होता.

घरी आल्यावर मी सरळ सांगितलं. मला आडवळणं घेता येत नाहीत. "तुम्हाला कमी ऐकू येतंय. कानाच्या डॉक्टरांकडे जाऊ."

हे मूळचे नामपूरचे. राग आला की इतक्या वर्षांची शहरी मराठी क्षणात गळून पडते. "मी काय बहिरा शे का?" म्हणाले आणि खाली जाऊन गाडी पुसायला लागले. त्यानंतर आमच्यात कामापुरतं बोलणं. भाजीत मीठ जास्त झालं तरी हे काही बोलले नाहीत, इतका राग होता.

डॉक्टरचा विषय परत काढायची सोय राहिली नाही, तेव्हा मी द्वारका चौकाजवळच्या गॅरेजमध्ये एकटी गेले. तिथला मेकॅनिक माझाच जुना विद्यार्थी. वर्गात त्याने मला भरपूर छळलंय, पण अजून मला बघितलं की हातातला पाना मागे लपवतो.

"बाई, खरं सांगू का, इंजिन समदं कंपनी फिटिंग हे," तो म्हणाला. "त्याला लागते तेवढी हवा त्या जुन्या डब्यातून आरामात जाते. नुसता फिल्टर बदलून पावर नाय वाढत. काकांना मी सांगितलं, पण त्यांना पटत नाय."

"या तिन्हींत सगळ्यात जास्त आवाज कशाचा येतो?"

"आवाज? उघड्याचा. लय आवाज. पण गरम हवा ओढंल तो, धूळ पण खाईल."

"तोच बसव. आणि जुना डबा टाकू नकोस."

तो माझ्याकडे बघतच राहिला. "बाई, बायका इथं आवाज कमी करा म्हणून येतात."

मी त्याला कारण सांगितलं नाही. ह्यांना कळू न देता मी ह्यांच्यासाठी आवाज विकत घेत होते. त्यात मला काही चूक वाटली नाही, आजही वाटत नाही. ह्यांना मी एवढंच सांगितलं की तुमचा मेकॅनिक उघड्याच्या बाजूने आहे. ह्यांना तेवढं निमित्त पुरलं.

फिल्टर बसला. ह्यांनी बॉनेट उघडं ठेवून हाताने रेस वाढवली आणि त्या शंकूतून असा काही घर्रर्र आवाज आला की शेजारच्या टपरीवरचा चहावाला वाकून बघायला लागला. ह्यांचा चेहरा उजळला. "आली बघ!" माझ्याकडे वळून म्हणाले, "आली की नाही? हवाच पाहिजे होती तिला." परत येताना गियर अगदी वेळेवर पडत होते, पूर्वीसारखे, एक धक्का नाही. हे मधूनच मांडीवर ताल धरत होते. मला इतकी माया आली ह्यांची, की माझं डोकं दुखायला लागलं होतं ते मी सांगितलं नाही.

पुढच्याच आठवड्यात धाकट्या दिरांकडे नामपूरला वास्तुशांत होती. आम्ही गाडीने निघालो.

आमच्या संसारात गाडीतलं बोलणं ही एक वेगळी गोष्ट आहे. घरात पाहुणे, फोन, कुकरच्या शिट्ट्या. गाडीत फक्त आम्ही दोघं. मी डाव्या बाजूला बसून बोलते, हे रस्त्याकडे बघत ऐकतात आणि अधूनमधून हुंकार देतात. कुणाचं लग्न मोडलं, कुणी जमीन विकली, मुलाचं वागणं मला का खुपतं, सगळं मी तिथेच बोललेय. ह्यांनी नोकरी वेळेआधी सोडायचं ठरवलं ते याच गाडीत. इथे ह्यांना माझे ओठ दिसत नाहीत, माझा व्हरांड्यापर्यंत जाणारा आवाज तेवढा कानाशी असतो. तो एवढे दिवस पोचत होता.

त्या दिवशीही मी सवयीने बोलायला लागले. पिंपळगाव मागे पडलं, चांदवड आलं. इंजिनचा घरघराट इतका होता की माझंच मला ऐकू येत नव्हतं. मी आवाज चढवला, मग अजून चढवला. हे रस्त्याकडे बघून हसत होते, खुशीत होते. हुंकार नाही. शेवटी घसा दुखायला लागला आणि मी गप्प बसले. ह्यांना ते कळलंही नाही.

देवळा सोडलं आणि मला मळमळायला लागलं. ऊन, रिकामं पोट, तो आवाज, सगळ्याचं मिळून झालं असेल. "अहो, थांबवा जरा," मी म्हटलं. गाडी चालत राहिली. "अहो, मला कसंतरी होतंय." हे मांडीवर बोटांनी ताल धरत होते. मला भीती वाटली. मळमळीची नाही, तर शेजारी बसलेल्या नवऱ्याला हाक मारतेय आणि ती पोचत नाही, याची. मी ह्यांचा दंड धरून हलवला.

ह्यांनी माझ्याकडे बघितलं आणि गाडी एका कडुलिंबाच्या झाडाखाली घेतली. मी दार उघडून बाहेर वाकले. हे पाण्याची बाटली घेऊन धावत आले, माझी पाठ चोळत राहिले. जरा बरं वाटल्यावर मला परत सीटवर बसवलं आणि स्वतः बाहेर दाराशी उकिडवे बसले.

"सांगायचं ना आधी."

"सांगत होते."

"कधी?"

"दोनदा हाक मारली. आणि त्याआधी पिंपळगावपासून बोलतेय मी."

रस्त्याने कांद्याचे ट्रॅक्टर जात होते, त्यांची धूळ आमच्यावर बसत होती. हे त्या ट्रॅक्टरांकडे बघत होते. मग उठून बॉनेटला हात लावून उभे राहिले. मला वाटलं, आता फिल्टरचं काहीतरी बोलतील, धूळ गेली म्हणतील.

"तो जुना डबा आहे ना त्याच्याकडे?"

"आहे."

"परत बसवून घेऊ." मग माझ्याकडे न बघताच म्हणाले, "आणि त्या कानाच्या डॉक्टरांकडे नंबर लाव. यंत्र देतात ना ते, ते बघू."

"आणि गाडी? तुम्ही तर कानाने..."

"गाडीचा आवाज मला तोंडपाठ आहे गं. गियर कधी बदलायचा ते आता हाताला, पायाला शिकवीन. तुझं बोलणं रोज नवीन असतं."

ह्यांनी पदराच्या टोकाने माझ्या तोंडावरचं पाणी पुसलं आणि गाडी सुरू न करताच स्टिअरिंगवर येऊन बसले. काच वर केली. डावा कान माझ्याकडे वळवला.

"हं," म्हणाले, "पिंपळगावपासून सांग."

आणि मला, जिची जीभ जन्मात कधी अडली नाही, काय बोलत होते ते एक अक्षर आठवेना. मी नुसती रडत बसले, आणि हे ऐकत बसले.