भामाबायची मोडतोड

शांतीने ते भांडण ऐकलं त्याला आता चाळीस वर्षं होऊन गेली. दोन जावांच्या स्वयंपाकघरांमध्ये भिंत म्हणून एक कूड उभा केलेला होता. पलीकडे कोणी कांदा चिरला तर अलीकडे डोळ्यांना पाणी यायचं. त्या सकाळी पलीकडे कांदा नव्हता, रामू होता. रामू म्हणजे शांतीचा मोठा दीर आणि भामाचा नवरा. खाडीत त्याचं जाळं फाटलं होतं, आणि खाडीवर काही बोलता येत नाही म्हणून बुवा राग घरी घेऊन आले होते. आल्या आल्या त्याने पाण्याचा माठ उचलला आणि अंगणात आपटला.

भामाचा आवाज आला तो अगदी थंड. “फोड. कोपऱ्यात लोनच्याची बरनी पन हाय, ती राह्यली. फोडायला मरद पायजे, झारू मारायला भामा हाय.”

“तोंड लय चालतं तुझं. तू फोडून दाखव!”

“मी फोडला तर गोला कोन करंल? तू?”

 मग बराच वेळ नुसता झाडूचा आवाज येत राहिला. शांती नवी नवरी, कान लावून उभी. तिचा भात करपला आणि त्याबद्दल तिने दिवसभर चुलीला दोष दिला.

रामू पुढे शांत झाला, वयाने म्हातारा झाला आणि एक दिवस गेलाही. पण भामाच्या आयुष्यात फोडणारे काही कमी झाले नाहीत. त्यांच्या उलवे गावात आधी टेकडी फोडायला माणसं आली. सुरुंगाने घराला चिरा गेल्या तेव्हा साहेब लोक म्हणाले, विकास होतोय. मग खाडीच्या कडेची शेतं भराव घालून बुजवली, आणि एकेक करून इमारती उभ्या राहिल्या. नवी इमारत पूर्ण होते न होते तोच शेजारी पुढचा खड्डा. भामा सकाळी पडवीतलं सिमेंट झाडायची, दुपारी खडीचा चुरा झाडायची, आणि संध्याकाळी जे काही असेल ते. विकासात तिचा वाटा एवढाच, पण तिने तो एक दिवसही चुकवला नाही.

घरामागे कोळीवाड्याचं खळं होतं. मासळी सुकवायची ती मोकळी जागा, सगळ्यांची मिळून. तिथे जवळा पसरायचा, बांबूच्या वलांडीवर बोंबील टांगायचे. भामा आणि शांती, दोघींचं उभं आयुष्य त्या खळ्यावर वाळलं. त्याला लागूनच आता सतरा मजले आले होते, नाव सागरलहर रेसिडेन्सी. जाहिरातीच्या फलकावर एक बाई डोळे मिटून समुद्राची हवा घेत होती. घरं विकली गेली, लोक राहायला आले, त्यांनी खिडक्या उघडल्या आणि त्यांना शोध लागला की समुद्राच्या हवेत मासळी असते. कोणीतरी फसवलंच म्हणायचं त्यांना.

सोसायटीने अर्ज केला. खळं बंद करावं आणि ती जागा गाड्या उभ्या करायला द्यावी. श्रावणात पाहणीला साहेब येणार, ते लिहितील ते कायम. खळं गेलं तर जवळा सुकवायचा कुठे, गच्चीवर? गच्ची होती कोणाकडे?

आणि अशा वेळी भामा घरात बसून शहरं पाडत होती.

त्याचं मूळ म्हणजे सून. भामाचा मुलगा मितेश बंदरावर पाळीने कामाला, आणि त्याची बायको दिपिका पनवेल शहरातली, दवाखान्यात नावं लिहून घेणारी. दुसऱ्या सुना माहेरून मिक्सर आणतात, हिने खेळाचा काळा डबा आणला. तो टीव्हीला जोडला की एक आख्खं शहर उघडायचं. त्यात एक टकल्या होता. तो टकल्या म्हणजे आपण. त्याने वाटेल तिथे जावं, दिसेल ती गाडी पळवावी, पूल उडवावेत, इमारती लोळवाव्यात. त्याला विचारायला बापही नव्हता आणि पोलिसांनी कितीही गोळ्या घातल्या तरी तो दोन मिनिटांत ताजातवाना.

“हा मेला कामाला जात नाय का गो?” भामाने पहिल्या दिवशी विचारलं.

“आई, हेच त्याचं काम आहे.”

“मंग बिल्डर हाय म्हन.”

आषाढातली एक दुपार होती. भामाने पडवी तिसऱ्यांदा झाडली, आणि शेजारच्या खड्ड्यावर एक ट्रक येऊन चौथ्यांदा धुरळा करून गेला. भामा झाडू धरून तशीच उभी राहिली. शांती शेजारच्या आपल्या पडवीतून बघत होती. तिला वाटलं, आता ही रडते की काय. दिपिकाला त्या दिवशी सुट्टी होती. ती उठली, सासूच्या हातातला झाडू काढून घेतला आणि हातात डब्याचा रिमोट दिला. “या आई, बसा. एक इमारत पाडा.”

बटणं शिकायला भामाला चार दिवस लागले. पाचव्या दिवशी तिने काचेची चाळीस मजली इमारत खाली आणली. काय तो आवाज, काय ती धूळ! शांती लसूण सोलत बसली होती, तिच्या हातातून पाकळी उडाली. भामा मात्र पडद्याकडे बघत थांबून राहिली.

“आता ह्ये आवरनार कोन?”

“कोणीच नाही,” दिपिका म्हणाली. “आपण पुढे जायचं.”

“कोनीच नाय?”

“नाही.”

“झारू?”

“झाडूच नाहीये ह्यात, आई.”

भामाने शांतीकडे पाहिलं. चौसष्ट वर्षांच्या बाईचा चेहरा इतका उजळलेला शांतीने मितेशच्या बारशानंतर पाहिला नव्हता. त्या दुपारी टकल्याने दोन पूल, एक बँक आणि रेल्वेचं आख्खं स्टेशन संपवलं. दुसऱ्या दिवशी डबा सुरू केला तर शहर जसंच्या तसं उभं.

“कोनी बांधला?”

“आपोआप.”

“बघ शांते,” भामा म्हणाली. “ह्याला म्हनतात सरकार.”

शिकलेले लोक म्हणतात, असल्या खेळांनी माणसं बिघडतात, मारामाऱ्या करतात. भामा जरूर बिघडली. सुनेला टोमणे मारायची विसरली. ट्रकवाल्याला द्यायच्या शिव्याही अर्ध्यावर आल्या, कारण त्याच्या ट्रकसारखा एक ट्रक तिने सकाळीच समुद्रात ढकललेला असायचा. गावातल्या बाया म्हणू लागल्या की म्हातारीला वेड लागलं. शांती त्यांना दुजोरा द्यायची आणि तीन वाजले की लसूण घेऊन हजर व्हायची, एकही दुपार न चुकता.

मग एक दिवस खेळ अडला. टकल्याने धक्क्यावरची होडी घ्यायची, बेटावर जायचं आणि तिथल्या तेलाच्या टाक्या उडवायच्या, असं काम आलं. भामाने रिमोट मांडीवर ठेवून दिला.

“काय झालं, आई?”

“आषाढ हाय.”

“म्हणजे?”

“नारली पुनवेच्या आधी होरी पान्यात घालतात का? दर्याला नारल नाय दिला अजून.”

दिपिकाने कपाळावर हात मारला. “आई, तो अमेरिकेचा समुद्र आहे. आणि खोटा आहे!”

“दर्या एकच हाय. आन टाक्या उडवायला जायाचा हाय ना? मंग खोट्यात तरी नीट वागावा.”

शांतीला हे अगदी पटलं. सुनेला पटलं नाही, पण रिमोट सासूच्या मांडीवर होता. होडी धक्क्याला बांधलेली राहिली. टकल्याला समुद्र बंद, म्हणून भामाने जमीन दुप्पट जोराने घेतली.

असं चाललेलं असताना एका रविवारी सागरलहरचा सेक्रेटरी दारात आला. प्रितेश त्याचं नाव, पस्तिशीचा, कंप्युटरवर नोकरी, स्वभावाने गरीब म्हणूनच बहुतेक सेक्रेटरी केलेला. पार्किंग मिळालं नव्हतं ते त्यालाच. त्याची नवी गाडी रस्त्यावर उभी असायची आणि ट्रकवाले तिला येता-जाता ओरबाडून जायचे. अर्जाची एक प्रत देऊन ती मिळाल्याची भामाची सही न्यायची, एवढ्यासाठी तो आला होता. दिपिकाने अर्ज मोठ्याने वाचला. पहिल्या पानावर लिहिलं होतं की खळ्याच्या वासाने जगणं मुश्कील झालंय. दुसऱ्या पानावर, की ती जागा दोन महिने पडीक आहे, सोबत फोटो.

“आषाढात फोटो काढून पडीक म्हनता?” भामाने विचारलं. “मे महिन्यात शालेचा फोटो काढला तर शाला बंद पडली का रे बाबा?”

 प्रितेशचं लक्षच नव्हतं. तो टीव्हीकडे बघत होता.

“मावशी... तो बंदरातला टॉवर... तुम्ही पाडला?”

“तीनदा.”

“मी दोन वर्षं प्रयत्न करतोय! खालून काही होतच नाही.”

“खालून कनाला? पान्याच्या टाकीकरनं जा. टाकी पडली की तो तिच्याच मागं जातो.” भामाने सरकून जागा केली. “चपला काढ आधी, सारवलेला हाय.”

सारवलेलं काही नव्हतं, फरशी होती. पण त्याने चपला काढल्या. टॉवर पडला तेव्हा तो इतका ओरडला की शांतीची म्हैस दावं ताणून उभी राहिली. सही राहूनच गेली. पुढच्या रविवारी तो सही न्यायला परत आला, त्याच्याही पुढच्या रविवारी आला. कागद मात्र आणायचा विसरायचा. बेटावर कसं जायचं हे त्याला बघायचं होतं.

“मावशी, आज नेऊया ना होडी?”

“पुनव झाली का?”

“अजून बारा दिवस आहेत.”

“मंग बस गप.”

आणि तो बसायचा. चांगला मोठा पगारदार माणूस, चहा पीत, बांधलेल्या होडीकडे बघत.

नारळी पौर्णिमेला भामा आणि शांती जरीची लुगडी नेसून खाडीवर गेल्या, नारळ दिला, घरी येऊन नारळीभात खाल्ला. मगच भामाने रिमोट हातात घेतला. टकल्याने होडी सोडली. बेट पेटलं ते असं, की दिपिका, प्रितेश आणि शांती तिघंही भात तोंडात धरून बघत राहिली.

तिसऱ्या दिवशी खऱ्या खळ्यावर साहेब आले.

पाऊस उघडलेला होता, पण खळं अजून ओलं आणि रिकामं. एका बाजूला कोळीवाडा उभा, एका बाजूला सोसायटी. सोसायटीच्या चेअरमन आशालता मॅडम नाकाला रुमाल लावून आल्या होत्या. वास नव्हता, पण रुमाल नवा होता. साहेबांनी दोन्ही पानं वाचली.

“जागा वापरात नाही म्हणता. मग वास कशाचा?”

“तो जुना वास आहे, सर,” आशालता मॅडम म्हणाल्या.

साहेबांनी मान डोलावली, जणू असा वास त्यांच्या नियमात बसत होता. भामा पुढे झाली. “सायेब, पावसात होरीच जात नाय, तर मासली कुठली सुकवायची? नारली पुनव झाली, आता उन्हा पडली की या, पाय ठेवायला जागा नाय मिलनार.”

“आजी, गावातले सगळे हेच सांगणार,” साहेब म्हणाले. “माझ्यासमोर फोटो आहेत. जागा रिकामी दिसते. फोटो कोणी काढले?”

“आमच्या सेक्रेटरींनी,” मॅडम म्हणाल्या.

सगळ्या माना प्रितेशकडे वळल्या. शांतीने त्याच्याकडे पाहिलं आणि तिला आधी रस्त्यावरची ती ओरबाडलेली गाडी दिसली. तो नुसता ‘हो’ म्हणाला असता तरी त्याचं काम झालं असतं.  भामा मात्र त्याच्याकडे बघतही नव्हती, ती पदराला गाठ मारत होती.

“फोटो मी काढले, सर,” प्रितेश म्हणाला. “आषाढात काढले. ते... बरोबर नाहीत. म्हणजे फोटो बरोबर आहेत, पण पडीक लिहिलंय ते खोटं आहे. पौर्णिमेपर्यंत हे लोक बोट काढतच नाहीत.”

“तुम्हाला काय माहीत?”

“मी महिनाभर रोज... दर रविवारी बघितलंय, सर. बोट समोर बांधलेली. कोणी विचारणार नव्हतं, कोणाला कळलंही नसतं. तरी मावशींनी नाही काढली. मी किती मागे लागलो.”

“कुठल्या धक्क्यावर?”

प्रितेशने खाडीच्या दिशेने हात केला. “तो... जरा लांब आहे, सर.”

दिपिकाला जोराचा खोकला आला. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि लिहिलं: जागेचा वापर हंगामी, परंपरेने चालू, पार्किंगसाठी देता येत नाही. पुढची पाहणी होईपर्यंत हे कायम. सरकारी कायम असंच असतं. आशालता मॅडमनी प्रितेशला सेक्रेटरीपदावरून काढलं, आणि रविवारी तो जास्तच मोकळा झाला.

ऊन पडलं. खळं भरलं. वासही आला, आणि गंमत म्हणजे सागरलहरच्याच खिडक्यांमधून हाका येऊ लागल्या: मावशी, थोडा जवळा ठेवा आमच्यासाठी. भामा दर मंगळवारी पाटी घेऊन वर जायची. दुपारी शहर पाडायचं आणि संध्याकाळी दुसऱ्या शहराला सुकट पोचवायची, असा कार्तिक गेला.

मार्गशीर्षातल्या एका बुधवारी सकाळी भामा उठली नाही. डॉक्टर म्हणाले, झोपेतच गेली. शांतीला मात्र मंगळवार सांगायला आवडतो, कारण मंगळवारी ती अख्खी होती.

मंगळवारी तिने जवळा पाखडला, पुड्या बांधल्या, पाटी डोक्यावर घेतली. वॉचमनने नाव विचारलं, दर मंगळवारी विचारायचा. तिने सांगितलं नाही, दर मंगळवारी सांगायची नाही. लिफ्टमध्ये पाटी खाली ठेवून भामा पाटीशेजारी उकिडवी बसली. शांती मागे उभी. नवव्या मजल्यावर भामाने घंटा सोडून दारावर बोटाची पेरं वाजवली. आशालता मॅडमनीच दार उघडलं, इकडेतिकडे बघून पुडी पटकन आत घेतली.

“दोन उन्हा दाखव आन मंगच डब्यात भर,” भामा म्हणाली. “आन निवडून घे गो बाय, बारीक खेकरं असतात त्यात.”

“हो हो. हळू बोला.”

भामाने पाटी उचलून डोक्यावर घेतली. अकराव्यावर अजून दोन पुड्या द्यायच्या होत्या, तिने लिफ्टचं बटण दाबलं.