हात मांडीखाली

माझा दीर देवानंद छत्तीस वर्षांचा आहे अन् अख्खं वरवट बकाल गाव त्याले देवाचं लेकरू म्हणते. म्हणाले काय जाते? देव काही सकाळी येऊन त्याच्या शर्टाची बटनं लावून देत नाई. ते काम माझ्या सासूचं, रुक्मिणीबाईचं; मी तिले आत्याबाई म्हणते. आंग धुवून देणं, भाकर कुस्करून घास भरवणं, सारं तिच्याकडं. तिचे दोन्ही गुडघे पार झिजलेले. अकोल्याच्या डॉक्टरनं दोन वर्षांपूर्वीच सांगतलं, ऑपरेशन करा, नाई तं खाटेवर बसान. पण बाई हलन तं शपथ!

"मी दवाखान्यात पडली तं माह्या देवाले कोण भरवन?"

"मी काय मेली का, आत्याबाई?"

"तू चिडतं त्याच्यावर."

चिडते मी. खोटं कशाले बोलू? कारण पोट्टा बनेल आहे. आमच्या भाजीच्या दुकानावर सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या असा बांधते की एक काडी इकडची तिकडं होत नाई. अन् घरी माय दिसली की छाती पुढं काढून उभा, "माय, लाव."

संग्रामपूरच्या दिव्यांगांच्या केंद्रात दर मंगळवारी स्वरदा मॅडम येते, ऑक्युपेशनल थेरपीवाली. मले वाटलं सुया टोचन, गोळ्या देईन. कायचं काय! रोजची कामं माणसाले आपल्या हातानं कराले शिकवणं, हेच तिचं डॉक्टरपण. मी देवानंदले तिच्याकडं नेलं, संगं त्यानं बांधलेल्या जुड्याही. तिनं त्या पाह्यल्या अन् म्हणाली, "सुतळीची गाठ मारणाऱ्या बोटांना बटण का जमू नये?" मोठ्या बटनांच्या जुन्या कोटावर सराव करून घेतला, अन् घरी तीस चौकटींचा कागद देला. ज्या दिवशी देवानंद स्वतः सारी बटनं लावन, त्या दिवशी चौकटीत खूण कराची.

महिन्यानं आम्ही तिघं कागद घेऊन गेलो तं तीसही चौकटी भरलेल्या. कुंकवानं! वर हळद, अन् कापराचा वास. मॅडम खूश. "वा देवानंद, दाखवा बरं." देवानंदनं छाती पुढं काढली. "माय, लाव."

झालं असं, की आत्याबाईनं तो कागद देव्हाऱ्यात ठेवला होता. रोज आंघोळ करून एका चौकटीले कुंकू लावाचं, हात जोडाचे, अन् मग लेकाची बटनं आपणच लावून द्याची. तिले वाटलं, व्रत देलं मॅडमनं.

"एक दिवस खाडा नाई केला म्यां," वरून सांगून राह्यली, अगदी ऐटीत. मी बाहेर जाऊन पोट दुखेस्तोर हासली.

मॅडम हासली नाई, रागावलीही नाई. तिनं नवा कागद काढला. "आजी, हा तुमचा. सकाळी देवानंद बटणं लावतील तोवर दोन्ही हात मांडीखाली घेऊन बसायचं. ज्या दिवशी हात बाहेर येणार नाही, त्या दिवशी देवानंद कुंकू लावतील."

बाप रे, तो पोट्टा तं परीक्षा घेणारा मास्तरच निघाला! दुसऱ्या बटनालेच आत्याबाईचा हात सुटे. "हात!" तो वरडे, अन् त्या दिवशीची चौकट कोरी. अकरा दिवस कोरे गेले.

"लेकरू धडपडून राह्यलं, मले पाहवत नाई व."

"मंग डोये मिटा! पण हात काढसान तं याद राखा!" मी वरडली.

बाराव्या दिवशी चाळीस मिनिटं लागली. एक काज चुकलं, कॉलर कानाले टेकली, पण बटनं लागली. देवानंदनं कुंकवाचा ठिपका लावला. आत्याबाई हात मांडीखाली ठेवूनच रडली. मीही रडली, लाज कशाची? पुढच्या तीन महिन्यांत तो आपल्या हातानं जेवाले लागला, आंघोळही जमली. अन् बाईनं ऑपरेशनले हो म्हटलं.

ऑपरेशन झाल्यावर तिसऱ्या दिवशी मी देवानंदले अकोल्याच्या दवाखान्यात घेऊन गेली. नर्सनं आत्याबाईले वॉकर देऊन उभं केलं होतं. बाई कळांनी पांढरी पडलेली. समोरच्या बाकावर लेक दिसला तसा तिनं हात लांबवला. "देवा, हात दे रे बाप्पा."

देवानंदनं दोन्ही हात मांडीखाली घातले.

"अरे मेल्या, पडते ना मी!"

"हात मांडीखाली, माय." त्याच्या डोळ्यांतून धारा चालू होत्या, पण हात काही त्यानं काढले नाई. मी उठाले गेली तं माझ्यावरही वरडला, "वहिनी, हात!"

आत्याबाईनं त्याले दोन शिव्या घातल्या अन् एक पाऊल टाकलं. मंग दुसरं. पाचव्या पावलाले ती बाकापाशी पोचली. तवा त्यानं खिशातून घडी घातलेला कागद काढला, कुंकवाची पुडी सोडली अन् ठिपका लावला.

त्याच्या शर्टाचं वरचं बटन लावाचं राह्यलं होतं. आत्याबाईले ते दिसलं. तिनं हात उचलला, अन् परत वॉकरवर ठेवला.